गुगली: टेबलावरून थेट मैदानात

कुणी पेचात पकडणारा प्रश्न विचारला की आपण लगेच म्हणतो, ‘काय गुगली टाकली!’ पण प्रश्न नुसता अवघड असला म्हणून ती गुगली होत नाही. गुगली येते ती दुसऱ्याच चेंडूचं सोंग घेऊन.

हे सोंग बर्नार्ड बोझांकेट या इंग्लिश खेळाडूला सापडलं ते टेबलावर. १८९७च्या सुमारास तो ‘ट्विस्टी-ट्वॉस्टी’ नावाचा खेळ खेळायचा. टेनिसचा चेंडू टेबलावर असा टप्पा देऊन सोडायचा, की समोर बसलेल्याला तो पकडता येऊ नये. त्या नादातच त्याला चेंडू उलटा वळवण्याची युक्ती गवसली. पुढे नेटमध्ये त्याने ती घोटून घोटून पक्की केली. जुलै १९०० मध्ये लॉर्ड्सवर लेस्टरशायर या इंग्लिश कौंटी संघाचा सॅम्युअल को ९८ धावांवर तिला फसला आणि यष्टिचीत झाला. त्या चेंडूने चार टप्पे घेतले होते, तरीही!

मनगटाने चेंडू वळवणाऱ्या लेगस्पिनरचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. गुगलीत धाव तीच, हातही तसाच फिरतो. फक्त मनगट इतकं वळतं की पंज्याची मागची बाजू फलंदाजाला दिसते आणि चेंडू करंगळीच्या बाजूने सुटतो. टप्पा पडला की तो आत वळतो. बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी बॅट पुढे गेलेली असते आणि हा बॅट-पॅडच्या फटीतून आत शिरतो. म्हणून जाणकार फलंदाज चेंडू हवेत जाण्याआधी मनगट वाचतात.

१९०४ मध्ये सिडनीत बोझांकेटने ५१ धावांत ६ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेचा मान म्हणजे अ‍ॅशेस इंग्लंडकडे गेली. ऑस्ट्रेलियात या चेंडूला त्याच्याच नावावरून ‘बोझी’ म्हणू लागले. मिडलसेक्स संघातला त्याचा सहकारी रेगी श्वार्झ ही विद्या दक्षिण आफ्रिकेत घेऊन गेला. १९०७च्या इंग्लंड दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेच्या संघात गुगली टाकणारे चौघे होते. १९४८ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज ब्रॅडमनचा शेवटच्या डावात दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला, तोही इंग्लंडच्या एरिक हॉलिजच्या गुगलीवर.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटतात ते मुंबईचे सुभाष गुप्ते. १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजचे एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. त्यांच्याकडे गुगलीचे दोन प्रकार होते. एक ओळखता आला, तरी दुसरा बाकी असायचाच.