काळा पाषाण, मुरूम आणि जांभा: एका लाव्हाची गोष्ट

देशावर विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. खणणारा वरून खाली जातो. दगडाचा प्रवास मात्र खालून वर झालेला असतो. पाषाण कुजून मुरूम होतो, मुरूम कुजून माती.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. थरावर थर चढत गेले, म्हणूनच सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या पाडल्यासारखे दिसतात. या साऱ्या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

घाटातून जाताना कापलेल्या दरडीकडे नीट पाहावं. काळ्या थरांच्या मधोमध कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये इतका काळ गेला, की खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून त्याची माती होऊ लागली होती. वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. हातभर जाडीच्या त्या पट्ट्यात केवढी शांतता साठलेली आहे! लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडलेलं निळंशार कॅव्हनसाइट त्यांतलंच.

कोकणात याच बेसॉल्टचं वेगळं झालं. धो धो पाऊस आणि उष्णता यांनी त्यातला चुना आणि सिलिका (वाळूतला मुख्य घटक) धुऊन नेली. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. तोच जांभा. खाणीतून निघताना मऊ, म्हणून चिरे सहज कापता येतात. उघड्यावर राहिला की टणक होतो. मलबारात असाच दगड पाहून स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ म्हटलं.

लाव्हाच्या खाली मात्र फार जुनी जमीन आहे. कोयना परिसरात वेधविवरं, म्हणजे तपासणीसाठीची खोल, अरुंद भोकं घेतली, तेव्हा बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस लागले. नाइस हा उष्णता आणि दाबाने रूप पालटलेला खडक. सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात तो उघड्यावरच दिसतो.

झीज अजून चालू आहे. दर पावसाळ्यात गोदावरी आणि कृष्णा हीच माती बंगालच्या उपसागराकडे नेतात. तिथे गाळावर गाळ बसतो आहे, खालचा थर वरच्याच्या भाराने दाबला जातो आहे.