मानसोपचार पोस्टिंगमधील सिनियर-सोबत

मानसोपचार विभागात पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डात शिकायच्या पाळीला, आलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला एक-दोन वर्षांनी पुढे असलेल्या सिनियरने किंवा इंटर्नने ठरवून दिलेली साथ. सिनियर नुकताच त्याच वाटेने गेलेला असतो. आपण कुठे अडलो, कशाला घाबरलो, हे तो अजून विसरलेला नसतो.

एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. प्रश्न मेडिसिनमध्येच येतात. त्यामुळे ही पोस्टिंग पुष्कळदा हलक्यात घेतली जाते. वॉर्डात पाऊल ठेवल्यावर मात्र स्टेथोस्कोप गळ्यातच राहतो आणि फक्त बोलायचे असते. खरी अडचण तिथे सुरू होते.

मिरजेचेच उदाहरण घ्या. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने ओपीडीत मराठीसोबत कन्नडही कानावर पडते. पेशंट ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. ‘मन लागंना, जीव घाबरा होतोय’ म्हणतो. नातेवाईक ‘कुणीतरी करणी केलीय’ म्हणतात. पुस्तकातून आलेला विद्यार्थी ‘हॅल्युसिनेशन होतात का?’ असे विचारून बसतो. त्याच्या शेजारी बसलेली सिनियर तेच वेगळ्या शब्दांत विचारते, ‘मावशी, जवळ कुणी नसताना कुणी बोलल्यागत ऐकू येतं का?’ मावशी मान हलवतात आणि हिस्ट्री, म्हणजे आजाराची विचारपूस, पुढे सरकते. करणीचे बोलणे हसण्यावारी न्यायचे नाही, त्यामागची भीती ऐकून घ्यायची, हेही असे शेजारी बसूनच कळते.

सगळ्यात जड जातो तो आत्महत्येचा प्रश्न. विचारले तर पेशंटच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, अशी नवख्याला धास्ती असते. ती खरी नाही. विचारल्याने आत्महत्येची इच्छा निर्माण होत नाही, उलट माणूस मोकळा होऊ शकतो. ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ हे शब्द आधी सिनियरसमोर दोनदा उच्चारून पाहिले, की पेशंटपुढे जीभ अडखळत नाही. माझ्या मते या साथीचे सर्वात मोठे काम हेच.

वॉर्डातून आल्यावर चहाच्या गाड्यावर पेशंटचे नाव निघता कामा नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मनावरचा ताण हलका करायचा तो विभागातच, दार लावून.

कधी विद्यार्थ्याला पेशंटच्या बोलण्यात आपलेच घर किंवा आपणच दिसतो. सिनियरने तिथे उपचार करू जाऊ नये. ऐकावे, एकटे सोडू नये, त्याच्यासोबत विभागातल्या डॉक्टरांकडे जावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी तो प्रत्येकाच्या फोनमध्ये जपून ठेवायला सांगावा. सिनियरच्या हाती गुण किंवा हजेरी देऊ नये; दिली, की ज्युनिअर ‘मला भीती वाटते’ हे त्याला सांगणार नाही.