जेट स्की: थ्रॉटल सोडला की वळणही गेलं

तारकर्लीला किंवा कलंगुटला जेट स्कीवर बसताना लाइफ जॅकेट अंगात चढवलं की आपल्याला वाटतं, झालं, आता भीती नाही. जॅकेट हवंच. पण ते बुडण्यापासून वाचवतं आणि या यंत्रावरचा मुख्य धोका बुडण्याचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या अपघातांचा अभ्यास केला. इतर हौशी बोटींवर माणसं जास्त करून बुडून मरतात, जेट स्कीवर मात्र धडकेचा मार लागून, असं त्यात दिसलं.

धडक का होते? जेट स्कीला सुकाणूच नसतं. तिच्या पोटातला पंखा खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. हँडल फिरवलं की ते तोंड वळतं आणि झोताच्या रेट्याने गाडीची शेपटी बाजूला सरकते. थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडला की झोत थांबतो; मग हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. रस्त्यावर स्कूटर चालवणारा माणूस समोर कुणी आलं की आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. तीच सवय इथे घात करते. वळायचं तर थोडा थ्रॉटल द्यावाच लागतो, आणि वेग कमी करायचा तो खूप आधी. काही नव्या यंत्रांना ब्रेक असतो, पण भाड्याच्या गाडीला तो असेलच असं धरून चालू नये. ताशी ४० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडणं.

मागे बसणाऱ्याचा धोका वेगळा, आणि संकोचापायी तो कुणी सांगत नाही. एकदम थ्रॉटल दिला की मागचा माणूस उलटा पडतो तो थेट झोतासमोर. ते पाणी गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून आत घुसून आतडी, गर्भाशय फाडू शकतं. पोहण्याच्या पातळ कपड्यांनी ते अडत नाही. त्यासाठी जाड रबरी वेटसूटची विजार लागते. कंपन्या हा इशारा गाडीवरच छापतात, पण ओल्या वाळूत उभं राहून तो वाचतो कोण?

हँडलजवळ एक पिळाची दोरी लोंबत असते. तिचं एक टोक किल स्विचला, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. तो पडला की इंजिन बंद, नाहीतर रिकामी गाडी पोहणाऱ्यांत शिरते. हँडल तुमच्या हातात असेल तर ती दोरी मागे बसलेल्या मदतनिसाच्या मनगटात नको. निघण्याआधी मागून घ्या, बांधा, आणि एकदा ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते बघा.