काळ्या दगडावरची रेघ पुसताना

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी जपलेली, ब्लॉक नावाच्या तुकड्यांच्या साखळीने बनलेली नोंदवही. तिच्यातली नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे आपण ऐकत आलो आहोत. पण त्या दगडावर एखाद्या रुग्णाची चुकीची माहिती कोरली गेली तर? युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १७ नुसार, काही अटींवर, माणसाला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. न पुसता येणाऱ्या वहीपुढे हा हक्क थिटा पडतो.

वही पुसता का येत नाही? प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा असतो. बिटकॉइनमध्ये तो २५६ बिटांचा आहे. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो आणि पुढचा दुवा तुटतो.

यावरचा तोडगा आधीपासूनच हाताशी होता. ह्यूगो क्राव्चिक आणि ताल राबिन यांनी १९९८ मध्ये कॅमेलियन हॅश मांडला. यात ठसा दोन गोष्टींवरून निघतो: मजकूर आणि सोबतची एक यादृच्छिक संख्या. गुप्त किल्ली जवळ असेल तर नव्या मजकुरासाठी अशी नवी संख्या काढता येते, की ठसा जुनाच राहतो. किल्ली नसेल तर हे व्यवहारात अशक्य. २०१६ मध्ये जुझेप्पे अतेनिएझे आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती ब्लॉकचेनला लावून दाखवली.

इथे एक विलक्षण अडचण आहे. साध्या प्रकारच्या कॅमेलियन हॅशमध्ये मजकूर आणि संख्या यांच्या जुनी आणि नवी अशा दोन्ही जोड्या कुणाकडे असल्या, तर साध्या बीजगणिताने खुद्द गुप्त किल्लीच काढता येते. म्हणजे एकदा दुरुस्ती केली की जुनी प्रत जपून ठेवणारा कुणीही पुढे हवा तो ब्लॉक बदलू शकेल! म्हणून दुरुस्तीनंतरही किल्ली उघडी पडणार नाही अशी जास्त भक्कम रचना लागते.

आणि किल्ली ठेवायची कुणाकडे? एकाकडेच दिली तर ब्लॉकचेन कशासाठी बांधली, हाच प्रश्न उरतो. ती अनेकांत वाटून ठराविक संख्येने लोक एकत्र आले तरच वापरता येईल, अशी सोय करता येते. मला मात्र २०१९ मध्ये मांडली गेलेली दुसरी वाट अधिक पटते. तिथे किल्लीच नाही. बदलाचा प्रस्ताव सगळ्यांसमोर येतो, ब्लॉक बनवणारे त्यावर मत देतात आणि मंजुरी मिळाली की बदल होतो. जुन्या ब्लॉकचा ठसा जपलेला असल्यामुळे इथे बदल झाला आहे, हे कुणालाही तपासता येतं. खाडाखोड दिसलीच पाहिजे. न दिसणारी दुरुस्ती आणि फसवणूक यांत बाहेरच्या माणसाला फरक करता येत नाही.

तरीही ज्याने जुनी प्रत उतरवून ठेवली, त्याच्याकडून ती कुठलंही गणित काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे खासगी माहिती मुळात साखळीबाहेर ठेवून तिचा फक्त ठसा आत नोंदवणं बरं. तोही नुसता नको. दहा अंकी फोन नंबरचा असेल तर सगळे नंबर एकेक करून ताडून पाहणं संगणकाला सहज जमतं. ठसा काढण्याआधी त्यात एक लांबलचक गुप्त यादृच्छिक संख्या मिसळावी लागते. माहितीसोबत ती संख्याही नष्ट केली, की साखळीत उरलेल्या ठशावरून काहीच ओळखता येत नाही.