वारा, ऊस आणि दोनशे किलोमीटर

सायकलने पुण्यातल्या हडपसरहून दिवे घाट चढायचा, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद करत फलटण गाठायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर. नवख्यांना धास्ती असते ती घाटाची. पण घाट तासाभरात मागे पडतो, वारा मात्र दिवसभर सोबत असतो.

सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेग राखायला साधारण ६५ वॅट लागतात. यातला निम्म्याहून जास्त वाटा हवा कापण्यात जातो, उरलेला टायरच्या घर्षणात. आता समोरून ताशी १५ किमीचा वारा आला, तर तेवढ्याच जोरात वेग १३ वर उतरतो. २०चा हट्ट धरलात तर १४० वॅट लागतील, म्हणजे दुपटीहून जास्त. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हवेला वेग कळतो तो तुमचा आणि वाऱ्याचा मिळून.

‘जाताना छळेल, येताना ढकलेल, हिशेब बरोबर’ असं अनेकांना वाटतं. हिशेब बरोबर होत नाही. तोच वारा पाठीशी असला तर ६५ वॅटमध्ये ताशी २९ किमी मिळतात. म्हणजे १०० किमी साडेतीन तासांत आणि उलटे १०० किमी पावणेआठ तासांत: एकूण सव्वाअकरा तास. वारा नसता तर दहाच लागले असते. २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासच मिळतात, तेव्हा हा सव्वा तास महागात पडतो. अ‍ॅपवर दिसणारा वारा १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या माळावर सायकलच्या उंचीला त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग लागतो. म्हणजे अ‍ॅपवर २२ दिसले, की आपल्या छातीवर १५.

वाऱ्याचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. सकाळी जमिनीलगतची हवा शांत असते. ऊन तापलं की खालची हवा वर जाते, वरचा वेगवान वारा खाली मिसळतो आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास जोर सर्वांत जास्त असतो. पावसाळ्यात दख्खनवर वारा पश्चिमेचा. पुण्याहून फलटणला जाताना तो मजेत ढकलतो आणि परतीला, ऐन दुपारी, पूर्ण वसुली करतो. हिवाळ्यात वारे बहुधा पूर्वेकडून आणि हलके. सकाळी तोंडावर घ्यावे लागतात, पण तेव्हा त्यांच्यात जोर नसतो. दुपारी तेच पाठीशी. म्हणून ही वाट नोव्हेंबर-डिसेंबरची, पहाटे पाचला निघून करायची.

पुढचा हिशेब पिकावर. सासवड-जेजुरीचा पट्टा कोरडवाहू, अंजीर-सीताफळाच्या बागा सोडल्या तर उघडा. नीरा नदी ओलांडली की उजव्या कालव्याचं पाणी आणि दोन्हीकडे ऊस. वाऱ्याला अडवलं की आडोशाचा परिणाम अडथळ्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो. तीन मीटरचा उभा ऊस त्यामुळे अख्खा रस्ता झाकतो. धोका असतो तो तोडणी झालेल्या फडापाशी. आडोसा एकदम संपतो आणि बाजूने झोत बसतो. अशी मोकळी जागा दिसली की हात हँडलवर पक्के आणि चाक रस्त्याच्या कडेपासून हातभर आत.

पण हाच आडोसा अंगाला तापवतो. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलवर पोचवतात, बाकीची उष्णता. एक लिटर घाम वाफ होऊन गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. टपकून पडलेला घाम काहीच नेत नाही. उसाच्या पानांतून सतत बाष्प सुटत असतं, वारा थांबलेला असतो, त्यामुळे पाय हलके वाटतात आणि डोकं जड. पाठीशी वारा असतानाही हेच होतं: २९च्या वेगाने जाताना अंगाला हवा लागते फक्त १४ची.

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो आणि लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम (माणसागणिक बराच फरक). नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच असल्याने माणूस आणखी पाणी पितो, आणि तिथेच घात होतो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं. साखर चवीसाठी नाही. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकातून जोडीने शोषले जातात. खाण्यातून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत: दोन केळी, किंवा गुऱ्हाळावरचा ग्लासभर रस आणि चिक्की. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पंक्चर बहुतेक काट्यांचं. बांधावरच्या बाभळीचे काटे आणि साइडपट्टीवरचे सराटे, म्हणून डांबर सोडून खाली उतरू नये. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, नाहीतर आत राहिलेलं टोक दहा मिनिटांत नवी ट्यूब खातं. पॅच निघतो तो घाईमुळे: सोल्युशन पाच मिनिटं सुकू द्यावं लागतं. उन्हाने टायर फुटेल ही भीती मात्र फाजील. टायर २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापला तरी आतला हवेचा दाब ७५ पीएसआयवरून ८३ होतो, इतकंच.

गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्या मागे लागलं तर वारा तुटतो हे खरं, पण ब्रेकचे दिवे बहुधा नसतात आणि वरून कांडं सुटतात. ओलांडताना पुढे दुसरी ट्रॉली जोडलेली आहे का ते आधी बघा. जोड-ट्रॉली दिसते त्याहून लांब असते, आणि खड्डा चुकवताना तिची मागची बाजू वळते तुमच्याच अंगावर.