महाविद्यालयीन मैदानावरील कचरा वर्गीकरण (कोकण)

सामने, क्रीडा महोत्सव किंवा गॅदरिंगच्या दिवसांत महाविद्यालयाच्या मैदानावर पडणारा कचरा जागच्या जागी वेगळा करून भंगारात, पुनर्वापराला किंवा खताला पाठवण्याची व्यवस्था. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्टेडियमनी तिला नियमित उपक्रमाचे रूप दिले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फोल्सम फील्डवर ती 2008 मध्ये सुरू झाली, तर लाखाहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या ओहायो स्टेडियमवर 2011 मध्ये. 90 टक्के किंवा त्याहून जास्त कचरा डेपोऐवजी दुसरीकडे वळला की तिथे ‘शून्य कचरा’ म्हणतात. तिकडचे काम तुलनेने सोपे होते ते फाटकामुळे, कारण आत काय विकायचे आणि कशात वाढायचे हे विद्यापीठच ठरवते.

कोकणात स्टेडियम म्हणावीत अशी महाविद्यालयीन मैदाने थोडीच. बहुतेक ठिकाणी जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण), एका अंगाला मांडव आणि गडग्याबाहेर वडापाव, चहा, शहाळ्यांच्या गाड्या. कचरा जन्मतो तो या गाड्यांवर. त्यामुळे रंगीत डबे मांडण्याआधी गाडीवाल्यांशी बोलणे जास्त उपयोगाचे. चहाचा कागदी कप कागदाचा दिसला तरी आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून रद्दीवाला तो घेत नाही. काचेचे ग्लास आणि विसळायला पाण्याची बादली ठेवली की तो प्रश्नच उरत नाही. थर्मोकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून, देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे.

सुक्या कचऱ्यात खरी किंमत पाण्याच्या बाटलीला, तीही वजनावर. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली साधारण 10 ते 15 ग्रॅमची, म्हणजे किलो भरायला 70 ते 100 बाटल्या लागतात. न चेपता भरलेली गोण दिसायला डोंगराएवढी, पण काट्यावर ठेवली की हिरमोड. बाटली उलटी करून पाणी काढायचे, पायाखाली चेपायची, मग टोपण लावायचे. तळाशी पाणी राहिले तर भंगारवाला वजनात घट धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. टोपण वेगळ्या प्लास्टिकचे असले तरी चालते, कारण कारखान्यात तुकडे धुताना बाटलीचे प्लास्टिक बुडते आणि टोपणाचे तरंगते. वेफरच्या पाकिटाला मात्र भंगारात गिऱ्हाईक नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की ही पाकिटे उडत जाऊन पूर्वेकडच्या गडग्याच्या खाचांत अडकतात, म्हणून एक पिंप त्या बाजूला हवेच. अशा बिनकिमतीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे करून डांबरी रस्त्यात वापरण्याचा मार्ग वेंगुर्ले नगरपरिषदेने दाखवून दिला आहे.

ओल्यात सगळ्यात जड जाते ते शहाळे. तसेच टाकले तर पहिल्या पावसात त्यात पाणी साचून डासांची पैदास होते. खतात घालायचे तर कोयत्याने चार फाळी कराव्या लागतात, तरीही सोडण (बाहेरची जाड साल) कुजायला महिनोन्‌महिने जातात. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, मैदानात खताचा खड्डा खणणे म्हणजे कातळ फोडणे. तिथे जांभ्याचे चिरे रचून जमिनीवरच हौद बांधलेला बरा, आणि जूनपूर्वी त्यावर पत्रा.

मनुष्यबळ बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेचे. 1969 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास भरायचे असतात, आणि मैदानावरचे काम त्यात धरता येते. पण पोरांना शेवटी झाडू देऊन उपयोग नाही. मिसळलेला कचरा पुन्हा निवडायला कोणी तयार नसते. सामना चालू असताना प्रत्येक पिंपाशी एक जण उभा असावा. माणूस पाहत असला की खरकटी पत्रावळ बाटल्यांच्या पिंपात टाकताना हात जरा अडखळतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये, परवाना नसलेल्या जागी 100 हून अधिक माणसांचा कार्यक्रम घेणाऱ्याने स्थानिक संस्थेला किमान 3 कामाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, अशी तरतूद केली गेली. आधी कळवण्याचा व्यवहारी फायदा असा की घंटागाडीची वेळ ठरवून घेता येते. महोत्सव तीन दिवसांचा असेल तर गोणी रोज संध्याकाळी हलवाव्या लागतात. रात्रभर मैदानात राहिलेली गोण सकाळी कुत्र्यांनी फाडलेली असते आणि निवडलेले सगळे पुन्हा खेळपट्टीवर पसरलेले.