दोन पानांमधली शिवण

डावीकडे मूळ कविता, उजवीकडे अनुवाद. द्विभाषिक संग्रहाची ही मांडणी इतकी सवयीची झाली आहे की ती कधी कुणी ठरवली असेल, हे मनातही येत नाही. इ. स. ४००च्या सुमाराच्या ‘कोडेक्स बेझे’ या चर्मपत्रावरच्या बायबलच्या हस्तलिखितात डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर लॅटिन आहे. मजकूर गद्यच, पण अर्थाच्या तुकड्यांनुसार ओळी तोडलेल्या, म्हणजे नजर आडवी सरकवली की तीच ओळ समोर सापडावी. अभिजात ग्रीक-लॅटिन ग्रंथ इंग्रजी अनुवादासह छापणाऱ्या, १९१२पासून निघालेल्या लोएब ग्रंथमालेनं ही रीत घरोघरी नेली. ग्रीकला हिरवं वेष्टन, लॅटिनला लाल.

पानं अशी समोरासमोर आली की अर्धी लढाई बांधणीची असते. पुस्तक सपाट उघडलं नाही, तर डाव्या ओळींची टोकं आणि उजव्या ओळींची सुरुवात घडीत बुडते. जपानी चार छिद्रांची शिलाई देखणी खरी, पण ती कडेनं शिवतात आणि आतला समास खाऊन टाकते. एका बाजूला छापून दुमडलेल्या पातळ कागदाला ती शोभते. द्विभाषिक कवितेला मी तरी वापरणार नाही. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्त्यांची साखळी टाक्याची बांधणी इथे कामाची. त्यात फर्मे, म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचे जुडगे, एकमेकांत ओवले जातात, आणि आजचे हौशी बांधणीकार कणा उघडाच ठेवतात, म्हणून पुस्तक सपाट उघडतं.

निसर्ग पुस्तकात शिरला तो नुसत्या चित्रांतून नाही. इंग्लिश वनस्पती-अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३पासून समुद्रशैवालं थेट संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात निळे ठसे घेतले. ते भागाभागानं वाटले. बांधून घेणं ज्याचं त्यानं. १८९१मध्ये केल्मस्कॉट मुद्रणालय काढणारे इंग्लिश कवी-कारागीर विल्यम मॉरिस यांनी वेलींच्या चौकटी आखल्या, पण त्याहून मोलाचं त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकाचं एकक एक पान नसून समोरासमोरची जोडी आहे.

हाताने बांधताना हे लगेच पटतं. चार कागद दुमडून एकात एक घातले की सोळा पानांचा फर्मा होतो. त्यात अगदी मधली जोडीच एका सलग कागदाची असते. दोन्ही भाषांवर पसरणारी फांदी काढायची तर ती तिथेच. इतर जोड्यांत अर्धी फांदी एका कागदावर, अर्धी दुसऱ्यावर, आणि शिवताना दोरा जरा ओढला गेला की ती केसभर सरकतेच.